कोंबड्यांचं फाटक

माणसाला आयुष्य एकच मिळतं, ते जपून वापरावं, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. थोरामोठ्यांकडे कम्प्युटर नव्हता. भाऊजींकडे होता, आणि नोकरी सांभाळून, जेवणाच्या वेळा न चुकवता, त्यांनी त्यावर चांगली अर्धा डझन आयुष्यं वापरून टाकली होती. जपून एकही नाही.

भाऊजी लिफ्टचे मेकॅनिक होते. दिवस उंच इमारतींच्या माथ्यावरच्या मशीनच्या खोलीत, ग्रीस लावलेल्या दोरांच्या संगतीत काढायचा, आणि संध्याकाळी घरी येऊन, आंघोळ करून, कम्प्युटरसमोर बसून दुसऱ्याच कुणाची तरी नोकरी करायची, असा त्यांचा नेम होता. या खेळांना सिम्युलेशन म्हणतात. साध्या खेळात माणूस राक्षस मारतो. सिम्युलेशनमध्ये कामावर जातो. पगार न घेता. उलट खेळ स्वतःच्या पैशाने विकत आणून.

“घरातला गळका नळ दुरुस्त करायचा खेळ नाही का निघाला अजून?” असं त्यांच्या बायकोने एकदा विचारलं होतं. निघाला होता. भाऊजींनी तो आणून दाखवला. त्यातला नळ दुरुस्त झाला.

सुरुवात विमानापासून झाली. विमान ही या जमातीतली खानदानी शाखा समजतात. त्यात बटणं इतकी असतात की ती दाबून होईपर्यंत ताटं वाढलेली असायची. भाऊजींचं विमान चढायचं छान. उतरायचं मात्र एकदम. मग रेल्वेचं इंजिन झालं. निर्मनुष्य माळावरून, सिग्नल पाळत, तासन्‌तास. मग त्यांनी एक शहर वसवलं. रस्ते काढले, दिवे लावले, दहा-दहा मजल्यांच्या इमारती उठवल्या, आणि एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की या शहरात लिफ्ट नावाची वस्तूच नाही. लोक वर जातात कसे, हा प्रश्न त्यांना दोन रात्री झोपू देईना. तेवढ्यात पाण्याची लाइन टाकायची राहून गेली आणि नागरिक शहर सोडून गेले. पुढे इस्पितळ चालवून झालं, त्यात रोगी बाहेरच्या बाकांवरच बरे व्हायचे किंवा व्हायचे नाहीत. फुटबॉलच्या संघाचे मॅनेजर झाले आणि हंगाम संपायच्या आत त्यांना काढून टाकण्यात आलं. खऱ्या नोकरीत त्यांना असा अनुभव कधी आला नव्हता, त्यामुळे ते दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. एरवी एक दिवस बोलायचे नाहीत.

मग आयुष्याचंच सिम्युलेशन आणलं. त्यात एक माणूस तयार करायचा, त्याला घर द्यायचं, त्याला आंघोळीला पाठवायचं, कामावर पाठवायचं, त्याचं कुणाशी तरी जमवून द्यायचं. भाऊजींचा माणूस सोफ्यावर बसला तो उठेचना. त्यांची लेक तेव्हा कॉलेजात होती. ती मागून डोकावून म्हणाली, “बाबा, हा थेट झाकणमामा झालाय.”

झाकणमामा म्हणजे ताईचा, भाऊजींच्या बायकोचा, धाकटा भाऊ. तो त्याच गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटा राहायचा आणि औषधांच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं नीट लागली आहेत की नाहीत ते तपासायचा. पट्ट्यावरून बाटल्या पुढे सरकत यायच्या, आणि ज्या बाटलीचं झाकण केसभरही सैल असेल ती मामा दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवायचा. वर्षानुवर्षं हे केल्यावर माणसाचं जे होतं ते त्याचं झालं होतं. तो कुणाच्याही घरी गेला की बोलता बोलता उठून कपाटाचं दार लावून यायचा. अर्धवट उघडा ड्रॉवर समोर असला तर त्याला घास उतरत नसे. भाचीने लहानपणीच त्याचं नाव ठेवलं, आणि मामाने ते बढती मिळाल्यासारखं स्वीकारलं.

भाऊजींना अखेर मानवली ती शेती.

लेक लग्न होऊन, नोकरी धरून, दुसऱ्या देशात गेली. जाताना तिने बापाच्या कम्प्युटरवर एक शेत टाकून दिलं आणि त्यात स्वतःही शिरली. शेत दोघांचं सामाईक. बाप इथून जायचा, लेक तिथून. त्याचा शेतकरी म्हणजे एक ठेंगणा, मिशीवाला गडी, डोक्यावर निळी टोपी. तिची एक वेणीवाली बाई, पायात पिवळे गमबूट. भोपळे लावायचे, मक्याला पाणी द्यायचं, गाईला वैरण टाकायची, कोंबड्यांना दाणे घालायचे. भाऊजींनी जन्मात कुंडीसुद्धा जगवली नव्हती. ताईने खिडकीत लावलेलं एकुलतं एक रोप त्यांच्या देखरेखीखाली गेलं होतं. पण या शेतावर ते रोज संध्याकाळी जायचे, त्यांच्यानंतर जरा वेळाने, तिकडे दुपारच्या सुट्टीत, लेक यायची, आणि मग दोघं मिळून काम करायची. भाऊजी आधी निघायचे, ती मागचं आवरून निघायची.

हे सांगायचं कारण असं की एरवी ही दोघं बोलायची नाहीत. भांडण नव्हतं, जमायचंच नाही. लेकीचा फोन आला आणि चुकून भाऊजींनी उचलला तर ते म्हणायचे, “हां. थांब, आईला देतो.” बापलेकीचा संवाद तेवढ्यावर संपायचा. शेतावर मात्र स्क्रीनच्या खालच्या पट्टीत टाइप करता यायचं. तिथे ते “हो” लिहायचे, “बघतो” लिहायचे, आणि निघताना “जेवलीस?” लिहायचे. ताईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली होती, “माझ्याशी बोलायचं झालं तर मीही एखादी म्हैस होऊन येते त्यात.” पण ती कधी बघायला आली नाही. त्या खोलीत कपडे इस्त्री करायचं टेबल होतं, तेवढ्यापुरती ती यायची आणि स्क्रीनकडे पाठ करून इस्त्री करायची.

भाऊजी गेले ते जिन्यावर. आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट चालू ठेवणारा माणूस जिन्यावर जावा यात काही अर्थ आहे, असं त्यांच्या ऑफिसातले साहेब शोकसभेत म्हणाले. अर्थ एवढाच होता की त्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. सकाळी पाव आणायला उतरले, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर बसले, आणि खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आली तेव्हा ते कठड्याला टेकून होते. तिने विचारलं, “दमलात का?” त्यांनी उत्तर दिलं नाही. ते कधीच देत नसत, म्हणून ती कचरा टाकून आली. परत आल्यावर तिला कळलं.

लेकीला सांगायचं नाही, हे ताईने ठरवलं. लेक गरोदर होती. आधी दोनदा गर्भ राहून पडला होता, आणि या खेपेला डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायला बंदी केली होती. धक्का लागता कामा नये, असं त्यांनी बजावलं होतं. कुठल्या प्रकारचा ते सांगितलं नव्हतं, म्हणून घरच्यांनी सगळेच प्रकार धरले. बाळ सुखरूप बाहेर येईपर्यंत बाबा जिवंत राहतील, असं ताई म्हणाली, आणि तिने ते इतक्या शांतपणे सांगितलं की कुणाला “म्हणजे कसे?” असं विचारायचं धाडस झालं नाही.

जावयाला कळवलं. तो तिकडे बाथरूममध्ये जाऊन रडला आणि तोंड धुऊन बाहेर आला. नातेवाइकांना बजावलं. शिंपीणबाईची लेकीशी मोबाइलवर ओळख होती, तिच्याकडून शपथ घेतली. फोनचा प्रश्न नव्हताच. बाबा फोनवर येत नाहीत यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. आले असते तर पोरगी घाबरली असती. सगळ्या बाजूंनी पक्का बंदोबस्त झाला. झाकणमामाने तो स्वतः तपासला आणि कुठे फट नाही असा शेरा दिला.

सगळं उरकल्याच्या दुसऱ्या दिवशी ताईच्या मोबाइलवर लेकीचा मेसेज आला. “बाबा शेतावर का येत नाहीयेत? भोपळे सुकायला लागलेत.”

घरात बसलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. शेत कुणाच्याच लक्षात नव्हतं.

जमलेल्यांपैकी की-बोर्ड हाताळता येणारा मामा एकटाच होता, कारण कारखान्यात तो संध्याकाळी सैल बाटल्यांचा आकडा मशीनमध्ये भरायचा. त्याला खुर्चीत बसवण्यात आलं. कम्प्युटरला पासवर्ड नव्हता. त्याला दुसरं कुणी हात लावेल अशी भाऊजींना कधी भीतीच वाटली नव्हती. स्क्रीन उजळला आणि निळ्या टोपीचा गडी शेताच्या मधोमध उभा दिसला. जिवंत माणूस वाट बघत उभा राहतो तसा, जरासा झुलत. ताई स्वयंपाकघरात निघून गेली.

मामा पहिल्या दिवशी फार वाईट शेतकरी होता. त्याने रस्त्याला पाणी घातलं. गाईला दाणे दिले. ट्रॅक्टर विहिरीच्या कठड्याला टेकवून ठेवला आणि तो तिथून मग काही दिवस निघाला नाही. कोंबड्यांचं आवार तेवढं त्याला चटकन समजलं, कारण तिथे सूचना लिहिलेली होती. लाकडी फाटकाशेजारी एक पाटी रोवलेली होती आणि तीवर भाचीने लिहिलं होतं, ‘बाबा, फाटक लावा.’ एवढ्या अनोळखी मुलुखात आपल्याला कळणारं एक तरी वाक्य भेटलं म्हणून मामाला बरं वाटलं. त्याने फाटक उघडलं, दाणे टाकले, बाहेर आला आणि फाटक लावलं. लागलं की नाही ते दोनदा पाहिलं.

थोड्या वेळाने पिवळे गमबूट आले. कोंबड्यांच्या आवाराशी येऊन थांबले. बराच वेळ तिथेच उभे होते. मामाला वाटलं, नेट गेलं असेल.

मग खालच्या पट्टीत अक्षरं उमटली. “बाबा?”

मामाने ताईला हाक मारली. ताई हात पुसत दारापर्यंत आली, आत आली नाही. काय लिहू, असं त्याने विचारलं. “ते ‘हो’ म्हणायचे,” ताई म्हणाली. मामाने ‘हो’ लिहिलं.

ट्रॅक्टर विहिरीला का टेकलाय, असं भाचीने विचारलं. मामाने स्वतःच्या हिमतीवर ‘चष्मा बदललाय’ असं लिहिलं आणि ताईकडे शाबासकीसाठी पाहिलं. तिकडून जरा वेळाने ‘बरं’ आलं. निघताना त्याने ‘जेवलीस?’ लिहिलं. ‘हो बाबा’ असं उत्तर आलं. मामाच्या कपाळावर घाम आला होता. बाटल्यांच्या पट्ट्यावर इतक्या वर्षांत कधी आला नव्हता.

त्यानंतर मामा रोज कामावरून थेट ताईकडे यायचा, हातपाय धुऊन भाऊजींच्या खुर्चीत बसायचा आणि भाऊजी व्हायचा. माणूस कशातही तरबेज होतो. त्याला पाण्याची झारी धरता आली. ट्रॅक्टर विहिरीपासून सुटला. मका कापून बाजारात नेता यायला लागला. कारखान्यात तो सोबत्यांना, यंदा भोपळा बरा आलाय, असं सांगायचा, आणि ते त्याच्याकडे जरा सांभाळून बघायचे.

एक गोष्ट मात्र त्याला खटकायची. तो संध्याकाळी शेतावर आला की कोंबड्यांचं फाटक उघडं असायचं. रोज. काल आपण लावलं होतं, म्हणजे आपल्यामागून भाची उघडून जात असणार, आणि लावायचं विसरत असणार. स्वतः पाटी लावली, आणि स्वतःच. लोकांना पाटी लावायची हौस असते, पाळायची नसते, असा मामाचा कारखान्यातला अनुभव होता. तो काही न बोलता फाटक लावायचा. पण रोज सैल झाकण समोर येत राहिलं तर माणूस किती दिवस गप्प बसेल. एकदा त्याने लिहिलं, “फाटक उघडं होतं.”

 तिकडून आलं, “हो बाबा. विसरले.”

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उघडं होतं.

ताई आधी दारात उभी राहायची. मग इस्त्रीच्या टेबलाला टेकून. मग एके संध्याकाळी तिने जेवणाच्या खोलीतली खुर्ची ओढत आणली आणि मामाच्या मागे बसली. नवरा असताना जिने या स्क्रीनकडे तोंड केलं नाही, ती आता तो निळ्या टोपीचा गडी बांधावरून चालताना बघत राहायची. सुरुवातीला चुका काढायची. त्याला म्हणावं इतक्या भरभर चालू नको, हे असे कधी धावायचे नाहीत. मामा त्याला सावकाश चालवायचा. मग चुका काढणंही थांबलं. नुसती बघायची. मटार सोलायला घ्यायची आणि एक दाणा बोटात धरून तशीच बसायची.

एकदा बाजारातून ओझं वाहून झालं होतं, मक्याला पाणी देऊन झालं होतं, मामाने नव्या उत्साहात कुंपणाचं काम काढलं होतं. मागून ताईचा आवाज आला.

“त्याला जरा सावलीत बसव रे. दमला असेल.”

विहिरीजवळ एका झाडाखाली लाकडी बाक होता. बाकावर बसता येतं की तो नुसता दाखवायला आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्याने गड्याला तिथे नेलं, दोन-चार बटणं दाबून बघितली, आणि गडी बसला. टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली. त्यासाठी मामाने कुठलंही बटण दाबलं नव्हतं. ते खेळातच होतं. ताईने तोंडाला पदर लावला.

पिवळे गमबूट पलीकडे भोपळ्यांत होते. ते थांबले. मग वळले, सगळा बांध ओलांडून आले आणि बाकावर शेजारी बसले. त्या दिवशी उरलेली सगळी कामं तशीच राहिली.

तेव्हापासून भाची लिहायला लागली. आधी ती भोपळ्यांपलीकडे काही लिहीत नसे. आता बाकावर बसून लिहायची. पलंगावर पडून पडून कंटाळली असेल, असं मामाने धरलं. लहानपणी बाबा तिला एकदा कामावर घेऊन गेले होते, लिफ्टच्या माथ्यावरची मशीनची खोली दाखवायला, त्याबद्दल लिहिलं. तिथलं मोठं चाक फिरताना बघून तिला वाटलं होतं की सगळी इमारत बाबाच ओढतात. आई त्यावरून ओरडली होती. पण तो दिवस तिला अजून आवडतो. मामाने ‘हो’ लिहिलं. लग्नात निघताना तिला त्यांच्याशी बोलायचं होतं, पण ते वायरमनशी हुज्जत घालत होते आणि तिला कळलं होतं की दिव्यांना काहीही झालेलं नाही. मामाने ‘हो’ लिहिलं. मागे ताई डोळे टिपत होती आणि म्हणत होती, बघ, पोटात असताना बायका किती हळव्या होतात. बाळ कुणावर जाईल, असं भाचीने एकदा विचारलं. याला ‘हो’ चालेना. मामाने वळून पाहिलं. ताईने खूप विचार केला आणि सांगितलं, “लिही, बघू.”

मामाने ‘बघू’ लिहिलं.

यथावकाश मुलगी झाली. वजन चांगलं, रडणं खणखणीत, आई बरी. जावयाचा फोन आला तेव्हा ताई हसली, मग जमिनीवर बसली. आता सांगायचं होतं. बाबा बाळ होईपर्यंत जिवंत राहतील, असं ठरलं होतं. त्यांची मुदत संपली होती.

लेक इस्पितळातून घरी गेल्यावर दोन दिवसांनी फोन लावला. ताईच्या हातून होणार नाही हे उघड होतं, म्हणून मामा बोलणार होता. त्याने वाक्यं पाठ केली होती. मन घट्ट कर, अशी सुरुवात होती. फोनच्या पडद्यावर भाची दिसली. केस विस्कटलेले, खांद्यावर बाळाचं गाठोडं. मामाने घसा साफ केला.

“चिमे, मन जरा—”

“झाकणमामा,” भाची म्हणाली, “मला माहीत आहे.”

मामाने फोन कानाला लावला, मग त्यात चित्र आहे हे आठवून पुन्हा समोर धरला. जावयाने सांगितलं का, असं त्याने विचारलं. जावयाने नाही. तो बिचारा अजून रोज बाथरूममध्ये जाऊन रडून येतो, त्याला वाटतं पाण्याच्या आवाजात कळत नाही. मग शिंपीणबाईने? तिनेही नाही.

“मग केव्हा कळलं तुला?”

“पहिल्याच दिवशी. फाटक लावलेलं होतं.”

पाटी तूच लावलीस ना, असं मामा म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी तक्रार होती.

“बाबांनी ते जन्मात कधी लावलं नाही,” ती म्हणाली. “रोज उघडं टाकायचे. मी आले की लावायचे आणि त्यांना ओरडायचे. मग ते ‘हो’ म्हणायचे. तिथून आमचं बोलणं सुरू व्हायचं, मामा. त्याशिवाय सुरूच व्हायचं नाही. त्या दिवशी मी आले आणि फाटक बंद. घट्ट. मला काय बोलावं तेच कळेना.”

आधी तिला वाटलं की बाबा आजारी असतील, म्हणून दुसरं कुणी बसलंय. पण आजार असता तर आईने सांगितला असता, पथ्यासकट. आईने मेसेजमध्ये हवापाणी छान आहे असं लिहिलं होतं. आई हवापाण्याबद्दल कधी बोलत नाही. तेव्हा ती समजली. खुर्चीत मामा आहे हेही समजली. दुसरं कोण एवढ्या निगुतीने दार लावणार.

मग बोलली का नाहीस, असं मामाने विचारलं. पाठ केलेलं सगळं वाया गेलं होतं.

भाचीने गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. “बोलले असते तर निळी टोपी यायची बंद झाली असती,” ती म्हणाली. “आणि आई रोज मागे बसायला लागली होती ना?”

हे तुला कसं कळलं, असं ताईने विचारलं. ती इतका वेळ फोनच्या कडेला, चित्रात येणार नाही अशी बसली होती.

“बाबा कधी बाकावर बसले नाहीत गं आई. त्यांना तो बाक आहे हेसुद्धा माहीत नसेल. सावलीत बस हे तूच म्हणणार.”

मग दोघी मायलेकी रडल्या. इतक्या महिन्यांचं एकदम. बाळही त्यांच्यात सामील झालं, त्याला कारण लागत नाही. मामा फोन धरून उभा होता. हात दुखायला लागला तरी त्याने तो हलवला नाही.

“मी रोज निघताना फाटक उघडं ठेवून जायचे,” रडं ओसरल्यावर भाची त्याला म्हणाली. रागावून नव्हे, हवापाणी सांगावं तसं. “वाटायचं, दुसऱ्या दिवशी येईन तेव्हा एकदा तरी तसंच असेल.”

“मी लावायचो,” मामा म्हणाला.

“हो. तुम्ही रोज लावायचात.”

त्या संध्याकाळी ताई लवकर आडवी झाली. मामा जायला निघाला आणि सवयीने त्या खोलीत शिरला. कम्प्युटर लावला. आज शेतावर जायचं कुणाला काही कारण उरलं नव्हतं, पण भोपळ्यांना ते माहीत नव्हतं. त्याने झारी भरली, पाणी दिलं. गाईला वैरण टाकली. कोंबड्यांच्या आवाराचं फाटक उघडंच होतं. तो आत गेला, दाणे टाकले, बाहेर आला आणि पाटीसमोर उभा राहिला. निळ्या टोपीचा गडी जरासा झुलत होता. मामाचं बोट की-बोर्डवरच्या त्या बटणावर जाऊन थांबलं. मग त्याने हात उचलून मांडीखाली दाबून धरला, आणि तसाच, एका हाताने, खेळ बंद केला.

घरी जाऊन त्याला झोप येईना. कपाट नीट लावलेलं होतं, ड्रॉवर बंद होते, गॅसही बंद होता. कोंबड्या तेवढ्या बाहेर गेल्या असतील. वाट फुटेल तिकडे गेल्या असतील, कोल्ह्याच्या तोंडी पडल्या असतील. भाऊजींच्या माघारी त्यांचं एवढंच काय ते जितं-जागतं उरलं होतं, आणि ते आपण उघड्यावर टाकून आलो. सकाळी कामावर जायच्या आधी तो ताईकडे गेला, चपला न काढता खुर्चीत बसला आणि शेत उघडलं. फाटक उघडं होतं. कोंबड्या सगळ्या खुराड्यात होत्या. त्याने पुन्हा मोजल्या. मग एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच खेळाची माहितीपुस्तिका उघडली आणि कोंबड्यांचं पान काढलं.

तिथे लिहिलं होतं की कोंबड्या आवाराबाहेर जात नाहीत. फाटक केवळ शोभेसाठी आहे.